एक्क्याण्णव पॉइंट चार टक्के खुशाल

"खेड्यातली माणसं एक्क्याण्णव पॉइंट चार टक्के सुखी होती," निरीक्षकांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"साडेएक्क्याण्णव म्हणा की सरळ," बायको म्हणाली.

"नाही म्हणता येत. वरचा शून्य पॉइंट एक टक्का माणसं मी काय खिशातून आणू?"

वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढून निरीक्षक तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्तीनंतर कुणी त्यांना तपासायला काही देईना. घरातले डबे मोजून झाले, जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या. मग एके दिवशी भंगारवाल्याकडे त्यांना पत्र्याची एक पेटी मिळाली. तिच्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पोस्टकार्डं होती, सहाशे चाळीस. निरीक्षकांनी पहिलं कार्ड उचललं. "पत्रास कारण की, इकडे सर्व खुशाल." दुसरं उचललं. "सर्व खुशाल." विसावं कार्ड हातात येईपर्यंत निरीक्षकांचा संशोधक झाला होता.

त्यांनी प्रत्येक कार्डाची लांबी-रुंदी मोजली. कार्डं सरकारी असल्यामुळे ती सगळीकडे सारखीच भरली, हा पहिला निष्कर्ष. शाईच्या नऊ छटा निघाल्या, हा दुसरा. त्यानंतर पहिल्या वाक्यावरून कार्डांची वर्गवारी झाली: खुशाल पाचशे पंच्याऐंशी, अखुशाल पंचावन्न. पहिल्या वाक्यापुढचा मजकूर व्यक्तिगत स्वरूपाचा असतो, म्हणून तो अभ्यासातून वगळण्यात आला. पत्ताही व्यक्तिगतच. तेव्हा कार्डं पत्त्याची बाजू आत करून, चार कोपऱ्यांना कागदी खोबणी लावून, प्लायवूडच्या फलकांवर बसवण्यात आली. वीस कार्डांचा एक फलक, असे बत्तीस फलक. पेटी पलंगाखाली मावत होती. संशोधनाला मागची अख्खी खोली लागली.

आणि ती खोली बायकोला हवी होती.

"एक तारखेला ताई येतेय," ती म्हणाली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. "खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला जिना चढायचा नाहीये. तिला खालचीच खोली लागणार."

"आणि माझं संशोधन?"

"त्याला काही झालेलं नाही. ते चढू शकतं जिना."

"बत्तीस फलक आहेत गं!"

"बत्तीस फळकुटं आहेत. एक तारखेच्या आत ती कुठेही जाऊ देत. नाहीतर मी त्याच भंगारवाल्याला हाक मारते. त्याला ओळखीची वाटतील."

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. दिवसभर ती इतरांचं रक्त बघायची, त्यामुळे घरी आल्यावर ते सहसा आटवायची नाही. तरी एक प्रश्न तिच्या तोंडून सुटलाच. "अहो, ही सगळी कार्डं एकाच पेटीतली ना? पेटी कुणाची?"

"भंगारवाल्याची."

"त्याच्या आधी?"

"ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे."

"आमच्याकडे नमुना कुठून घेतला हे बाटलीवर लिहिलेलं नसलं, तर आम्ही तो ओतून देतो."

"रक्त वेगळं, समाज वेगळा," निरीक्षक म्हणाले. बायकोने विषय तिथेच सोडला. तिला खोली मोकळी करून हवी होती, आणि कार्डांबद्दल जितक्या शंका निघतील तितका ती घराबाहेर जायला उशीर होईल, एवढं तिला कळत होतं.

निरीक्षक शहरातल्या वाचनालयात गेले. वरचा हॉल दोन वर्षं रिकामा पडला होता. अध्यक्षांना तिथे काहीतरी कायमचं, उद्घाटन करण्याजोगं हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "टक्के किती म्हणालात?"

"एक्क्याण्णव पॉइंट चार."

"उत्तम. टक्के असले की वर्तमानपत्रवाले घेतात."

घेतलेच. चौथ्या दिवशी बातमी आली: "आपली खेडी ब्याण्णव टक्के सुखी होती." निरीक्षकांनी संपादकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पुढच्या बातमीत आकडा पंच्याण्णव झाला. समितीने हॉल कायमचा संग्रहाला द्यायचं ठरवलं. "ग्रामीण सुख दालन" अशी संगमरवरी पाटी करायला टाकली आणि पाटीच्या खालच्या ओळीत निरीक्षकांचं नाव घातलं. मात्र अध्यक्षांनी एक अट घातली.

"या सगळ्या कार्डांवर एकाच गावाच्या टपाल कार्यालयाचा शिक्का आहे म्हणता?"

"हो. बाहेरच्या त्रेचाळीस गावांहून कार्डं आली, पण वाटप त्या एका गावातून. खुशालीचं जंक्शनच म्हणा."

"मग तिथला टपालमास्तर शोधा. असेल जिवंत तर प्रमुख पाहुणा तोच. घरोघर सुख वाटणारा माणूस! फोटो कसला येईल!"

सुख पत्र लिहिणाऱ्यांचं होतं की मिळालेल्यांचं, हे समितीत कुणी विचारलं नाही. निरीक्षकांनी चौकशी केली. मास्तर जिवंत होते. वय सत्त्याऐंशी, मुक्काम सुनेकडे. निरीक्षकांनी त्याच दिवशी निमंत्रण लिहायला घेतलं.

आता, निरीक्षकांनी चौतीस वर्षांत नोटिशीखेरीज काही लिहिलं नव्हतं. शिवाय खात्याचे जुने कागद त्यांच्याकडे अर्धा रीम उरले होते आणि चांगला कागद फुकट घालवणं त्यांना पाप वाटे. वर ठळक अक्षरांत "निरीक्षक" छापलेलं होतं. त्याच्या आधी त्यांनी इमानेइतबारे शाईने निवृत्तचं "नि." लिहिलं आणि खाली मजकूर घातला: "आपल्या कार्यकाळातील सहाशे चाळीस पोस्टकार्डे आमच्या हाती आली आहेत. सदर कार्डांसंदर्भात आपण येत्या रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये समक्ष हजर राहावे. सोबत ओळखपत्र आणावे. गैरहजेरीची सबब चालणार नाही." शेवटचं वाक्य त्यांना आग्रहाचं वाटलं.

रविवारी पावणेअकराला बायको हॉलच्या दाराशी उभी होती. आत बत्तीस फलक भिंतीला लागले होते. पुढच्या तीन रांगा त्या जंक्शनच्या गावाहून शहरात येऊन राहिलेल्या मंडळींनी धरल्या होत्या. वर्तमानपत्रात गावाचं नाव आल्यापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला होता. एवढ्यात जिन्यावरून एक वाळकुडे, ताठ कण्याचे आजोबा वर आले. मागे त्यांची सून होती, तिच्या हातात मोठी पिशवी.

"या या, मास्तर ना?" बायको म्हणाली. "द्या ती पिशवी, इथे ठेवते."

"नको," सुनेने पिशवी घट्ट धरली. "यांचे दोन जोड कपडे आहेत आणि गोळ्या. ताई, खरं सांगा, किती दिवस ठेवतील?"

"कुणाला?"

"बाबांना."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. "अहो मास्तर, सत्कार आहे तुमचा!"

मास्तर कसनुसं हसले. "सत्काराला ओळखपत्र मागतात होय, बाई? मला नका समजूत घालू. मी सगळं लिहून आणलंय." त्यांनी खिशातून चौकोनी घडी घातलेला रेघी कागद काढून दाखवला आणि पुन्हा आत ठेवला.

बायको जवळच्या फलकापाशी गेली. तिने एक कार्ड खोबणीतून अलगद काढलं आणि उलटलं. पत्ता होता ओढ्यापलीकडच्या एका वस्तीचा. दुसरं काढलं. पत्ता टेकडीमागचा. तिसरं, चौथं, प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळं घर. इतक्या घरांत पोचलेली कार्डं एका पेटीत परत कशी येतील? येणार नाहीत. निघालीच नसतील, तरच असतील.

ती व्यासपीठाशी धावली. "अहो, जरा खाली या."

"नंतर."

"नमुना खराब आहे तुमचा."

"आत्ता नाही गं! अध्यक्ष उठले."

अध्यक्ष उठले होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सुख सत्त्याण्णव टक्क्यांवर नेलं, दहाव्या मिनिटाला "जवळजवळ शंभर" म्हणाले, आणि निरीक्षकांचा हात वर झाला तो त्यांना दिसला नाही. "आणि हे सुख ज्यांनी दारोदार पोचवलं," अध्यक्ष म्हणाले, "ते आज आपल्यात आहेत. मास्तर, दोन शब्द बोला!"

मास्तर उठले. कागद उलगडला. माईकपासून लांब उभं राहूनही त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"मी खाली सही करणार, वय वर्षे सत्त्याऐंशी, कुणाच्याही दबावाखाली न येता कबूल करतो की ही कार्डं मी वाटली नाहीत."

टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले.

"म्हणजे?" निरीक्षकांनी विचारलं.

"अकरा वस्त्या होत्या, साहेब. मध्ये टेकडी, ओढा. वाईट बातमीचं कार्ड आलं की मी कमरेएवढ्या पाण्यातून गेलो. एक चुकवलं नाही. पण नुसतं 'सर्व खुशाल' सांगायला रोज कोण ओढा ओलांडणार? अलीकडच्या काठावरून हाक मारायचो, 'खुशाल आहेत हो!' आणि कार्ड पेटीत. माणसांना खुशाली हवी, ती कळली. कागद घेऊन काय करणार?"

"आणि वाईट बातमीची कार्डं?"

"ती पोचली ना. त्यांचं ज्याने-त्याने काय केलं कोण जाणे. कोण जपतं असलं? पेटी माझ्याकडे होती. या सूनबाईने मागच्या वर्षी साफसफाईत भंगारात घातली."

"मला काय माहीत आत सरकार आहे!" सून खालून म्हणाली.

निरीक्षकांच्या डोक्यात आकडेमोड भरभर झाली. उत्तर चुकीचं नव्हतं. पाचशे पंच्याऐंशी भागिले सहाशे चाळीस, पुन्हा तेवढंच येत होतं. फक्त गाळणीत उरलेला चोथा मोजून त्यांनी चहा किती गोड होता ते सांगितलं होतं. एखादा धागा तरी हाती लागतो का बघावं म्हणून त्यांनी विचारलं, "पण मग पंचावन्न कार्डं अखुशाल आहेत, ती?"

"ती माझ्या सासऱ्यांची," मास्तर म्हणाले. "माझ्याच पत्त्यावर यायची. ती बरोबर पोचली."

हॉलमध्ये हशा उसळला. अध्यक्षांनीही हसून घेतलं, कारण फोटोग्राफर त्यांच्याकडे बघत होता. पण पुढच्या रांगेतल्या एक आजी हसल्या नाहीत. त्या काठी टेकत उभ्या राहिल्या.

"मास्तर, ओढ्याच्या काठावरून हाक मारायचात, ती कुणाला?"

"समोर जो दिसेल त्याला."

"आणि कुणी दिसलं नाही तर?"

मास्तरांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तरी मारायचो. रोजचं काम होतं ते."

"आमचं घर ओढ्यापासून चौथं," आजी म्हणाल्या. "वारं उलटं असलं की आम्हाला आमचीच माणसं ऐकू यायची नाहीत." आणि त्या फलकांकडे चालू लागल्या. त्यांच्या मागे पहिली रांग उठली, मग दुसरी. कार्डं खोबणीतून निघू लागली, उलटली जाऊ लागली.

"हात लावू नका! क्रम बिघडेल!" निरीक्षक ओरडले. "फलक क्रमांक सात! अहो, ते निळ्या शाईचे आहेत!"

"माझ्या काकांचं आहे हे," एकजण म्हणाला. "ऐका, ऐका. 'सर्व खुशाल. मागची भिंत पडली. आम्ही सगळे पुढे झोपतो.'"

"हे बघ, आत्याचं! 'सर्व खुशाल. साबण संपलाय म्हणून कळवत नाही, सहज कळवते.'"

"'सर्व खुशाल. चष्म्याची काडी तुटली, दोरा बांधलाय. तू आलास तर ओळखू येशील एवढं दिसतं.'"

"'सर्व खुशाल. धाकटा सायकल घेऊन गेलाय तो चार दिवस आला नाही. तिकडे आला असल्यास सायकल पाठवणे.'"

"फक्त सायकल?"

"फक्त सायकल लिहिलंय. तो धाकटा म्हणजे आमचे वडील."

निरीक्षक एका कार्डावरून दुसऱ्या कार्डाकडे धावत होते. पहिल्या वाक्यापुढे इतकं काही लिहिलेलं आहे हे त्यांना आज प्रथमच ऐकू येत होतं. मास्तरांनाही. मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी पहिल्या वाक्याशी वाचन थांबवलं होतं, निरीक्षकांनी गेल्या वर्षी.

आजींना फलक क्रमांक एकोणीसवर हवं ते कार्ड सापडलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या बायकोकडे दिलं. तिने हळू आवाजात वाचलं. "'सर्व खुशाल. लग्न पुढच्या महिन्यात. तू आधी चार दिवस ये, मला एकटीला सुचत नाही. रुसू नकोस.'"

"मी गेले नाही," आजी म्हणाल्या. "म्हटलं, सख्ख्या बहिणीला एक कार्ड टाकवत नाही. नंतर तीही आली नाही. अठरा वर्षं."

"आता कुठे असतात त्या?"

"आता नाही ती."

मास्तर व्यासपीठावरून खाली आले होते. ते आजींसमोर उभे राहिले. हातातला कबुलीजबाब त्यांनी एकदा उलटा केला, एकदा सुलटा. त्यात या कार्डाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मग ते वळले आणि त्यांनी टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतलं.

"ग्रंथपाल बाई, एक रजिस्टर द्या. आणि शाईचं पॅड, सही न येणाऱ्यांसाठी."

"काय करताय?" निरीक्षकांनी विचारलं.

"वाटप."

"मास्तर, हा संग्रह आहे! माझा! मी पैसे दिलेत!"

"टपाल पत्तेदाराचं असतं, साहेब. त्याला मिळेपर्यंत ते कुणाचंच नसतं. मी ते पेटीत ठेवलं तर गुन्हा, आणि तुम्ही फळीला लावलं तर संशोधन?" मास्तरांचा कणा आणखी ताठ झाला होता. "तुम्ही निरीक्षक आहात. नियम बघा आणि नसेल तर थांबवा मला."

 चौतीस वर्षांत निरीक्षकांनी किती तरी दुकानदारांचे गयावया करणारे चेहरे पाहिले होते आणि प्रत्येकाला हेच सांगितलं होतं: नियम दाखवा. आता नियम दाखवायची पाळी त्यांची होती आणि त्यांच्याकडे एकही नव्हता. बायकोने एक खुर्ची आणून टेबलाशी ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "नावं तुम्ही पुकारा. तुमचं अक्षर ओळखण्याचं काम चांगलं आहे."

दीड तास निरीक्षक नावं पुकारत होते. जे पत्तेदार हयात नव्हते, त्यांची मुलं पुढे आली, नातवंडं आली. एका कार्डासाठी दोन चुलतभाऊ भांडले आणि मास्तरांनी दोघांना बाहेर उभं केलं. तीनशे चौऱ्याहत्तर कार्डं गेली. उरलेली दोनशे अकरा मास्तरांनी सुनेच्या पिशवीत कपड्यांवर नीट रचली. ओढ्यावर आता पूल होता, आणि सूनबाईंकडे स्कूटर. सासऱ्यांची पंचावन्नही त्यांनी उचलली. ती मागायला दुसरं कुणी आलं नाही.

अध्यक्षांचं काही अडलं नाही. त्यांनी ठरल्या वेळी फीत कापली, पाटीवरचा कपडा बाजूला केला आणि फोटो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी बातमी आली: "पोस्टकार्डांचा दुर्मीळ संग्रह जनतेस अर्पण." हे इतकं शब्दशः खरं होतं की निरीक्षकांना दुरुस्तीचं पत्रही लिहिता येईना. ग्रामीण सुख दालनात हल्ली समितीच्या बैठका होतात. पाटीवरचं निरीक्षकांचं नाव तसंच आहे. ते खोडायला ठराव लागतो आणि ठरावाला बहुमत लागतं.

एक तारखेच्या आदल्या संध्याकाळी मागची खोली झाडून पुसून लख्ख झाली. बायकोने पलंग खिडकीशी सरकवला, चादर घातली, ताईच्या काठीसाठी भिंतीला एक खुंटी ठोकली. निरीक्षक दाराशी उभे राहून बघत होते. खोली बारा फूट बाय दहा फूट होती. त्यांना ती विनाकारण मोठी वाटली.

"माझी पद्धत चुकीची नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती," बायको म्हणाली. ती उशीला अभ्रा घालत होती.

"नमुना चुकला. नमुना सरकारी हवा, अधिकृत. भंगारातला नको."

"हं."

 मग निरीक्षक एकदम खोलीत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. त्यांच्या डोळ्यांत गेल्या वर्षी पत्र्याची पेटी उघडताना आली होती तसली चमक होती.

"अगं, तुमच्या लॅबमध्ये माणसं रक्त तपासून घेतात. सगळेच काही रिपोर्ट न्यायला येत नसतील, नाही का?"

बायकोचा हात अभ्र्यात थांबला. लॅबच्या मागच्या कपाटात न नेलेले रिपोर्ट होते. दोन हजारांच्या वर. सगळे उत्तम. ज्याच्यात काही निघायचं त्याला लॅब त्याच दिवशी फोन करून बोलावून घ्यायची आणि तो धावत येऊन रिपोर्ट घेऊन जायचा. बाकीच्यांना फोनवर "नॉर्मल आहे" एवढं सांगितलं की ते पुन्हा फिरकत नसत.

"म्हणजे बघ," निरीक्षक म्हणाले, "त्यावरून अख्ख्या शहराचं आरोग्य काढता येईल. टक्क्यांत. असतात का असे रिपोर्ट?"

"एकही नसतो," बायको म्हणाली आणि उशी झटकून पलंगावर ठेवली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत तिने दिलेला हा पहिला चुकीचा रिपोर्ट होता.